अनुभव धागा : पाच-दहा डॉलरवर लढलेल्या निवडणुका

अमेरिकेत पुरोगामी उमेदवारांना छोट्या देणग्या दिलेले किंवा त्यांच्यासाठी मागत फिरलेले आपल्यातले बरेच जण आहेत. २००४ साली अ‍ॅक्टब्लू हे ऑनलाइन देणग्या जमवणारं व्यासपीठ आलं आणि देणं सोपं झालं. २०१६ला अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी लढणारे बर्नी सँडर्स सभांमधून आपली सरासरी देणगी २७ डॉलर असल्याचं सांगायचे, ते आठवत असेल. मागताना काय घडतं, ते मात्र फारसं कुणी लिहीत नाही. लिहा.

क्वीन्स
२०२१ला आमच्या भागातल्या सिटी कौन्सिलच्या (महापालिकेच्या) उमेदवारासाठी मी वर्गणी जमवली. न्यूयॉर्कमध्ये शहरातल्या रहिवाशानं दहा डॉलर दिले, तर शहर वर ऐंशी घालतं. पण त्यासाठी मतदारसंघातल्याच किमान ७५ जणांनी दिलेलं असावं लागतं. बाहेरचा श्रीमंत मित्र इथे उपयोगाचा नाही, शेजारीच हवा. आमच्या इमारतीतल्या एका बांगलादेशी टॅक्सीवाल्या काकांनी लगेच दहाची नोट काढली. देणगीच्या कार्डावर नाव लिहिलं आणि पत्त्याच्या रकान्याशी पेन थांबलं. भाडेकरारावर त्यांचं नाव नव्हतं. मी म्हटलं, राहू द्या, पैसे परत घ्या. त्यांनी नोट खिशात ठेवली, पण कार्ड मागून घेतलं. दोन दिवसांनी आले ते स्वतःचं भरलेलं कार्ड आणि पैसे द्यायला मेहुण्यालाही सोबत घेऊन. त्या दोन कार्डांचं मोल मला मोठ्या चेकपेक्षा जास्त वाटतं.

न्यू जर्सी
मी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, त्यामुळे मला एक डॉलरही देता येत नाही. नागरिक आणि ग्रीन कार्डवाले देऊ शकतात. मित्राच्या क्रेडिट कार्डावरून देऊन त्याला रोख परत करू, असं कुणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा, तो गुन्हा आहे. बिनपगारी काम मात्र चालतं. मी मतदारांना फोन करतो.

सिएटल
इथे २०१७पासून शहराच्या निवडणुकीआधी टपालानं २५ डॉलरची चार व्हाउचर येतात, ती आपल्या पसंतीच्या उमेदवाराला द्यायची आणि पैसे शहर देतं. ज्याच्या खिशात काहीच नाही, तोही देणगीदार होतो, आणि मला ही व्यवस्था मनापासून आवडते. अडचण एवढीच की लोक ते पाकीट जाहिरात समजून टाकून देतात. एका आजींकडे आम्ही दोघींनी मिळून रद्दीचा अख्खा गठ्ठा उपसला, तेव्हा कुठे ते सापडलं.

शिकागो
माझ्या आईनं एका सिनेट उमेदवाराला पंधरा डॉलर दिले. त्यानंतर रोज मेसेज : 'आज मध्यरात्रीपर्यंतच', 'तुमची देणगी तिप्पट होईल'. सिनेटच्या निवडणुकीत देणगीवर सरकार स्वतःचे पैसे घालत नाही, आणि २०२४ला एका व्यक्तीला एका निवडणुकीसाठी जास्तीत जास्त ३३०० डॉलरच देता येत होते. मग सगळ्यांची देणगी तिप्पट कोण करणार होतं? त्यात फॉर्मवर 'दरमहा'च्या चौकोनात आधीच टिक होती. पेन्शनवर जगणाऱ्या बाईला असं घाबरवून पैसे काढणं मला संतापजनक वाटतं. आई आता फक्त आमच्या वॉर्डातल्या उमेदवाराला देते. त्याच्या माणसांनी तिला फोन करून सांगितलं की तिच्या पैशांतून स्पॅनिश पत्रकं छापली.