मदत हवी आहे: नदीकाठचा गाळ आणि सायकलची चेन

पूर ओसरला की नदीकाठच्या रस्त्यावर बारीक गाळ उरतो. ओला असताना चाक सरकतं, वाळला की पिठासारखा उडून चेनवर बसतो. वेट ल्यूबला (ओलसर राहणारं चेनचं तेल) तो चिकटतो, काळी पेस्ट होते आणि स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाकं) झिजतात. ड्राय ल्यूब (लावल्यावर सुकणारं) जोरदार सरीत धुऊन जातं. सध्या चेन धुऊन पूर्ण वाळवायची, प्रत्येक रोलरवर एकच थेंब, दहा मिनिटांनी बाहेरचं तेल पुसायचं, असं चालू आहे. अशा दिवसांत वॅक्स केलेली (तेलाऐवजी मेण लावलेली) चेन टिकते का? 11 स्पीडची (मागे 11 गिअरची) चेन 0.5 टक्के ताणावरच, म्हणजे झिजून तेवढी लांबली की, बदलता ना? (प्रेशर वॉशर नको, बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं.)

पळणाऱ्यांनो, शेवाळलेल्या फरशीवर खोल खाचांचे ट्रेल शूजही घसरतात. मऊ रबराचा सपाट तळ बरा पडतो का?