गेटजवळच्या लिंबूच्या झाडावर फवारणी हवी की नको?

बी-४०१ काकू: गेटजवळच्या लिंबाकडे कुणाचं लक्ष आहे का? शेंड्याची कोवळी पानं फस्त झालीत, नुसत्या शिरा उरल्यात. मागच्या मीटिंगला सांगितलं तेव्हा ‘बघू’ म्हणालात. शनिवारी फवारणीवाला येतोय, त्याला लिंबही दाखवा.

सचिव: नोंद घेतली काकू 🙏

ए-१०४: फवारणी नको. आधी अळी कोणती ते बघा.

सी-३०२ दादा: काकू, पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं दिसतंय ना? काळपट तपकिरी, मध्ये पांढरा डाग? ती शीट नाही, लिंबावरच्या फुलपाखराची लहान अळी आहे. पक्ष्यांनी टिपू नये म्हणून तसं रूप. चौथ्यांदा कात टाकली की हिरवीगार होते. डिवचलं तर डोक्यामागून दोन शिंगांसारखा नारिंगी अवयव बाहेर काढते, उग्र वास सुटतो. बस, एवढंच. चावत नाही, खाज येत नाही.

बी-४०१ काकू: रूप कसंही असो. झाड सोसायटीचं आहे.

ए-५०३: मग अळीला मेंटेनन्स लावा 😄

बी-४०१ काकू: चेष्टा नको. पाणी मी घालते त्या झाडाला.

ए-५०३: सॉरी काकू.

सी-२०४ काका: कडुनिंबाचं तेल मारा ना. नैसर्गिक असतं, त्रास नाही.

सी-३०२ दादा: काका, नैसर्गिक असलं तरी अळीला ते घातकच. तेल लागलेलं पान खाल्लं की तिची भूक मरते, कात नीट टाकता येत नाही, आणि ती अर्धवट कातीत अडकून मरते.
आणि एक गोष्ट वेगळी काढा. पानावर नागमोडी चंदेरी रेघा आणि पान वळलेलं, ती नागअळी. ती पानाच्या आत पोखरत जाते. तिच्यासाठीही फवारा नको, वळलेली पानं हातानं खुडून टाका. कडेपासून कुरतडलेली पानं असतील तर ती फुलपाखराची अळी. गेटजवळ दोन्ही आहेत, म्हणून गोंधळ होतोय.

ए-१०४: तेच म्हणतोय. फवारणी नको, आधी अळी बघा.

बी-४०१ काकू: आणि कुंडीतलं नवं रोप? ते गुडघ्याएवढंही नाही. त्याचं काय उरणार?

सी-३०२ दादा: हे मात्र तुमचं बरोबर आहे. मोठं झाड पुन्हा फुटतं, पण एवढ्याशा रोपाला सात-आठ अळ्या म्हणजे पार खराटा. त्यावरच्या अळ्या मोठ्या लिंबावर हलवू. हातानं उपटू नका, पाय तुटतात. अळी बसलीय ते पान देठासकट कापा आणि नव्या पानाला टाचणीनं अडकवा, ती आपली आपण सरकते. निपचित बसली असेल तर कात टाकायच्या तयारीत आहे, तिला दोन दिवस हात लावू नका. रोप रिकामं झालं की बारीक जाळी, तळाशी बांधून. पण आधी पानाच्या दोन्ही बाजू बघा. मोहरीएवढी पिवळट अंडी एकेकटी चिकटलेली असतात. ती आत राहिली तर जाळी म्हणजे अळ्यांचं पाळणाघर.

डी-२०१ ताई: काल रात्री नऊला दोघंतिघं लिंबावरच्या एका कोषावर फ्लॅश मारत होते. फांदी ओढून जवळ घेत होते. कृपया असं करू नका.

डी-६०२: फोटो काढायलाही बंदी आता?

डी-२०१ ताई: बंदी कशाला? उलट काढाच, पण नीट काढा. फ्लॅशनं हिरवी अळी चकाकते आणि मागचं सगळं काळं येतं. सकाळचं तिरपं ऊन घ्या, सावलीच्या बाजूला पांढरा पुठ्ठा धरा. फोन पानाला चिकटवू नका, बऱ्याच फोनची मुख्य लेन्स इतक्या जवळ फोकसच करत नाही. एक वीत मागे या आणि दोनपट झूम करा. फोन अळीच्या अंगाला समांतर, नाहीतर तोंड स्पष्ट आणि शेपूट धूसर. स्क्रीनवर बोट दाबून फोकस पक्का करा, मग फोटोतला उजेड थोडा कमी करा. वारा असेल तर फांदी हलायची थांबेपर्यंत थांबा. ओढू नका.

ए-१०४: आणि फवारणी नको.

डी-६०२: कळलं हो, तिसऱ्यांदा.

बी-४०१ काकू: आता विषय निघालाच तर विचारते, ती पानं रोज तोडतं कोण? मुलांच्या त्या निळ्या चित्रांसाठी ना?

ए-३०१ ताई: काकू, एकही पान तोडलेलं नाही, खाली पडलेलीच घेतो. आणि अळीनं खाल्लेलीच हवी असतात. पानाची जागा पांढरी राहते आणि प्रत्येक भोकातून निळा ठिपका उमटतो. अख्ख्या पानाला ती मजा नाही.

सी-२०४ काका: हे कसं करतात? नातवंडांसाठी विचारतोय.

ए-३०१ ताई: जॉन हर्शेलनं १८४२ साली काढलेली रीत आहे काका, सायनोटाइप. फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम १०० मिली पाण्यात, पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम वेगळ्या १०० मिली पाण्यात. वापरायच्या वेळी मंद उजेडात समसमान मिसळा, जाड कागदावर ब्रशनं एकच पातळ हात द्या आणि अंधारात पूर्ण वाळू द्या. ओलसर राहिला की पांढऱ्या जागी निळी झाक येते. वर पान, त्यावर काच, चिमट्यांनी घट्ट. जाड देठ काढून टाका. काच उचलली गेली तर कडा पसरट येतात. कडक उन्हात दहाएक मिनिटं, कागद पिवळट हिरव्याचा राखाडी होईपर्यंत. मग पाण्यात धुवा, पिवळेपणा जाईपर्यंत. साबण नको, निळा रंग उडतो. धुताना सगळंच फिकट झालं तर ऊन कमी पडलं. रंग दुसऱ्या दिवशी आणखी गडद होतो.
मिश्रण मोठ्यांनीच करायचं, हातमोजे घालून. भांडी स्वयंपाकाची नकोत, आणि त्यात कुठलंही आम्ल पडू द्यायचं नाही.

बी-४०१ काकू: पडलेली असतील तर हरकत नाही. पण झाडाखाली बसून केर करू नका.

सचिव: शनिवारच्या फवारणीतून लिंबू वगळलं. बाकी ठरल्याप्रमाणे.

सी-२०४ काका: बाकी म्हणजे कढीपत्ता आणि बेलसुद्धा?

सी-३०२ दादा: तेही वगळा साहेब. हे फुलपाखरू त्या दोन्हींवर अंडी घालतं. आणि झाडूवाल्या मावशींना सांगा, अळी कोष करायला अनेकदा झाड सोडून भिंतीवर, रेलिंगवर, पाइपवर जाते. कमरेला रेशमी दोरा बांधून तिरका टेकलेला कोष दिसला तर झाडू मारू नका. हिरव्या जागी हिरवा असतो, भिंतीवर तपकिरी, म्हणून पटकन दिसत नाही.

डी-६०२: पार्किंगच्या पाइपवरचा कालपासून काळा पडलाय. मेला का?

सी-३०२ दादा: पंखांची पिवळी नक्षी आतून दिसतेय का? दिसत असेल तर उद्या सकाळी बाहेर येईल. बारीक गोल भोक असेल तर परजीवी गांधीलमाशीनं आतून खाल्लाय.

डी-६०२: भोक नाही. पिवळं दिसतंय.

डी-२०१ ताई: मग पहाटेच या. बाहेर आल्यावर पंख चुरगळलेले असतात, वाळायला तास-दोन तास लागतात. तेव्हा खाली पडलं तर पंख कायमचे वाकडे. दोन हात लांब उभं राहा. लाल थेंब गळला तर घाबरू नका, रक्त नाही, आतला टाकाऊ द्रव असतो.

ए-१०४: आणि फ्लॅश नको.

बी-४०१ काकू: कुंडीची जाळी कोण आणतंय ते आधी सांगा.