व्हॅन ६:५० ला निघेल (बी विंग पालक ग्रुप)

१०३ काका: पुन्हा सांगतो, व्हॅन ६:५० ला गेटवरून निघेल. आज पाच मुलांसाठी थांबली, त्यातली तिघं आलीच नाहीत. बाकीच्यांची प्रार्थना बुडाली.

५०२: काका, गावाहून रात्री उशिरा पोचलो. एक दिवस बुडाला तर काय एवढं?

२०४ बाई: गणपतीनंतरचा हा चौथा सोमवार. महिन्याला दोन दिवस धरले तरी वर्षाचे वीस होतात. सहावी ते आठवीला कायद्याने किमान २२० दिवस शाळा असते, म्हणजे जवळजवळ दहावा हिस्सा गेला. त्यात समच्छेद, म्हणजे छेद सारखे करणं, शिकवला त्या दिवशी मूल नसेल, तर पुढची अपूर्णांकांची बेरीज ते नुसती फळ्यावरून उतरवून घेतं.

५०२: वह्यांचे फोटो मिळतात की. आणि ७५ टक्के हजेरी पुरते.

२०४ बाई: ती बोर्डाच्या परीक्षेला बसायची अट झाली. ७५ टक्के म्हणजे २२० पैकी ५५ दिवस घरी! फोटो मागण्याआधी कोणता घटक झाला ते वर्गशिक्षिकेला विचारा आणि त्यातली दोन उदाहरणं मुलाला समोर बसवून सोडवायला लावा.

१०३ काका: व्हॅन ६:५०.

३०१: मग तापातही पाठवायचं का? मागे कांजिण्या कोणाकडून पसरल्या, सगळ्यांना माहीत आहे.

५०२: नाव घेऊन बोला.

४०३ डॉक्टर: कृपया भांडू नका. पॅरासिटामॉल न देता २४ तास ताप नसेल तर पाठवा. उलट्या-जुलाब थांबल्यावर दोन दिवस थांबा. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरीच. नुसतं नाक वाहतंय आणि मूल खेळतंय, तर रुमाल देऊन पाठवा.

सचिव: उद्या टाकी साफ होणार, पाणी सकाळपासून बंद.

६०१: म्हणजे आंघोळीचा वेळ वाचला, व्हॅन मिळणार 😄

४०२: डॉक्टर, धाकटीचं दर सोमवारी पोट दुखतं. रविवारी ठणठणीत असते.

४०३ डॉक्टर: एकदा तपासून घ्या. सकाळच्या घाईत शौचाला जायचं राहून पोट साफ होत नाही, हे फार मुलांत दिसतं.

२०४ बाई: सोमवारचं वेळापत्रकही बघा. पहिला तास कोणाचा, स्वच्छतागृह कसं आहे, व्हॅनमध्ये शेजारी कोण बसतं. ‘शाळेत का जात नाहीस’ असं विचारू नका, गप्प होईल. डबा कोणाबरोबर खाल्लास, इथून सुरुवात करा.

४०२: विचारलं. व्हॅनमध्ये मागची मोठी मुलं दप्तर ओढतात म्हणे.

१०३ काका: हे आधी सांगायचं ना! उद्यापासून पाचवी-सहावीची मुलं ड्रायव्हरच्या मागच्या रांगेत. त्याला आत्ता फोन लावतो.

५०२: मोठी मुलं म्हणजे नक्की कोण?