निळ्या रेषेच्या आतलं चिपळूण: राहायचं की उठायचं?

चिंचनाका
22 जुलै 2021. पहाटे दारात पाणी, उजाडेपर्यंत जिना बुडालेला. आईला पोटमाळ्यावर चढवताना तिच्या हाताची पकड अजून मनगटावर जाणवते. 26 जुलै 2005 नंतर आपण म्हटलं होतं, असं शंभर वर्षांतून एकदा. सोळा वर्षांत पुन्हा बुडालो. माझं मत स्पष्ट आहे: निळ्या रेषेत, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पट्ट्यात, नवीन वीटही नको. बाजारपेठ टप्प्याटप्प्याने उंचावर न्यावी.

तिसरी पिढी, बाजारपेठ
दादा, तुमचं दुःख मी पाहिलंय, माझं तुम्ही पाहिलंय. पण हे मान्य नाही. गोवळकोटच्या धक्क्याला गलबतं लागायची म्हणून बाजार इथे बसला. उंचावर गिऱ्हाईक येणार कसं? वाशिष्ठी नदीत मध्येच बेटं झालीत, शिवनदी नाल्यासारखी उरलीय. आधी गाळ काढा. आमच्या रस्त्यावर निम्मी दुकानं पागडीची आहेत. उठवलं तर मालकाला भरपाई, भाडेकरूला काय?

खाडीकाठ
गाळ काढाच, पण त्यावर सगळी भिस्त ठेवू नका. 24 जुलैला गुरुपौर्णिमा होती. पुनवेच्या तोंडावर उधाणाची भरती. खाली खाडी फुगलेली असताना नदी कितीही खोल केली तरी पाणी उतरणार कुठे? आणि वरचे डोंगर उघडे राहिले तर काढलेला गाळ चार पावसाळ्यांत परत येणार. आमच्याकडे जुनी माणसं भरतीची वेळ बघून गुरं वर नेत. शहरात ती सवय गेली.

निवृत्त, पाटबंधारे
अवजलाचा, म्हणजे वीज करून सोडलेल्या पाण्याचा, उल्लेख कुणीच केला नाही. कोयनेचं वर्षाला 67.5 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वीज करून पश्चिमेला वळवण्याची मुभा आहे. ते कोळकेवाडी धरणामार्गे वाशिष्ठीतच येतं. पुरात त्याचा वाटा किती, यावर भांडण चालू राहील. पण पावसाळ्यात दर तासाला किती सुटतंय आणि भरती किती वाजता, हे दोन आकडे एकत्र प्रत्येक वाडीत पोचले पाहिजेत. दुकान हलवायला वीस वर्षं लागतील, भोंगा बसवायला एक महिना.

पेठमापची सून
भोंगा हवाच. त्या पहाटे आम्हाला शेजारच्या काकूंच्या ओरडण्याने कळलं. पण चिंचनाकादादा, उंचावरच्या जागेचे भाव विचारून बघा. दोन खोल्यांत राहणारं माणूस तिथे जाऊ शकत नाही. तुमची योजना ज्यांना परवडते त्यांना वाचवते, बाकीचे पाण्यातच.

चिंचनाका
ताई, हे मी धरलं नव्हतं. पुनर्वसनाची जागा आधी हातात, मगच उठवणं, तेवढं बदलतो. नवीन बांधकामाला विरोध मात्र कायम. नदीच्या जागेत आज उभा राहिलेला प्रत्येक भराव उद्याचं पाणी माझ्या आईच्या माळ्याकडे ढकलतो.

तिसरी पिढी, बाजारपेठ
भरावाला माझाही विरोध, तिथे आपण एक आहोत. पण जुनी इमारत खांबांवर उचलायची, तळमजला मोकळा ठेवायचा, एवढी परवानगी द्या. आजोबांच्या वेळचं लाकडी कपाट दोनदा चिखलातून धुऊन काढलंय, तिसऱ्यांदा टिकणार नाही. जोतं वाढवायच्या अर्जावर उद्याच सही करतो. जागा सोडायच्या अर्जावर नाही.