विषय: गणपतीतलं बोन मॅरो नोंदणीचं टेबल

सप्रेम नमस्कार मंडळी,
ल्युकेमियाने (रक्ताच्या कर्करोगाने) गेलेल्या मुलांच्या स्मरणार्थ यंदा गणेशोत्सवात बोन मॅरो, म्हणजे हाडांतला रक्त तयार करणारा मगज, देणाऱ्यांच्या नोंदणीचं टेबल लावतो आहोत. फलकावर अँथनी नोलनचं नाव घालतोय. लक्ष्य ३०० नोंदींचं, आजी-आजोबांसकट सर्वांनी यावं.
– सचिव

नमस्कार,
अँथनीला ल्युकेमिया नव्हता, विस्कॉट-ऑल्ड्रिच हा रोगप्रतिकारशक्तीचा जन्मजात आजार होता. त्याच्या आईने, शर्ली नोलन यांनी, १९७४ मध्ये इंग्लंडमध्ये दात्यांची यादी सुरू केली. तरीही दाता मिळाला नाही आणि १९७९ मध्ये तो गेला. त्याचं नाव राहू द्या, पण आजार बरोबर लिहा. फलकावर त्याच्या नावाच्या वर लॉरा ग्रेव्हजचं नाव हवं. कोलोरॅडोची ही दहा वर्षांची मुलगी. १९७९ मध्येच सिएटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्रात तिला नात्याबाहेरच्या दात्याचा मॅरो मिळाला. जुळणारा दाता तिथलाच कर्मचारी निघाला, हा निव्वळ योग. मॅरो रुजला, पण पुढे ल्युकेमिया उलटला आणि ती गेली. असा योगावर भरवसा ठेवावा लागू नये म्हणून तिचे वडील झटले. अमेरिकेची राष्ट्रीय यादी १९८६ मध्ये उभी राहिली, त्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

फलकावर ‘प्रत्येक ल्युकेमियाग्रस्त मुलाला दाता हवा’ असं मात्र नको. बहुतेक मुलं केमोने बरी होतात. आजार उलटला किंवा मुळातच जोखमीचा असला, की मॅरोचा प्रश्न येतो. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. ज्यावरून जुळणी पाहतात ती एचएलए (पेशींवरची ओळखखूण) आई-वडिलांकडून येते, म्हणून बाहेरचा दाता बहुधा आपल्याच वंशात सापडतो. अमेरिकेच्या यादीत गोऱ्या रुग्णांना पूर्ण जुळणारा दाता सापडण्याची शक्यता साधारण ७९ टक्के, आशियाई रुग्णांना ४७. आता आई-वडिलांच्या अर्ध्या जुळणीवरही प्रत्यारोपण होतं, तरी यादीची गरज संपलेली नाही.

आजी-आजोबांना टेबलावर बसवा, नमुना १८ ते ३५ वयाच्यांचाच घ्या. डॉक्टर तरुण दातेच निवडतात. टेबल महाप्रसादाच्या रांगेआधी, दारातच लावा. मोदक खाऊन लगेच गालातून नमुना घेतला तर तो वाया जाऊ शकतो, अर्धा तास तोंडात काही नको. स्वॅबच्या टोकाला बोट लागू नये. भावंडं एकत्र आली की बारकोडची अदलाबदल होते, एकाचं पाकीट बंद झाल्यावरच दुसऱ्याचं उघडा. विद्यार्थ्यांचे पत्ते दरवर्षी बदलतात, म्हणून न बदलणारा ईमेल आणि घरच्या एकाचा फोन लिहून घ्या.
– आरोग्य समिती

ताई, एक भर घालतो. बोलावणं आल्यावर बरेच जण घरच्यांच्या भीतीने मागे फिरतात. मॅरो मणक्यातून काढत नाहीत. पूर्ण भूल देऊन कमरेच्या हाडाच्या मागच्या बाजूने सुईने घेतात. रुग्णाच्या दर किलो वजनामागे साधारण १० ते २० मिली, म्हणजे १५ किलोच्या मुलाला १५० ते ३०० मिली. काही दिवस कंबर दुखते, काही आठवड्यांत मॅरो भरून येतो. दुसरा मार्ग रक्तातून पेशी घेण्याचा: पाच दिवस मॅरोतल्या पेशी रक्तात आणणाऱ्या फिलग्रास्टिम या औषधाची इंजेक्शनं (हाडं आणि डोकं दुखतं), मग काही तास यंत्राला जोडून बसायचं. मुलांसाठी डॉक्टर बऱ्याचदा मॅरोच मागतात, कारण दात्याच्या पेशी पुढे रुग्णाच्याच शरीरावर उलटण्याचा त्रास त्यात कमी. दात्याला खर्च काही नाही.

आणि हे टेबलावर प्रत्येकाला सांगाच. प्रत्यारोपणाच्या साधारण आठवडाभर आधी मुलाचा स्वतःचा मॅरो औषधांनी जाळून टाकतात. त्यानंतर दाता हटला तर त्या मुलाकडे काहीच उरत नाही. नकाराचा हक्क शेवटपर्यंत आहे, पण नाही म्हणायचं तर टेबलावरच म्हणा. १८-१९ वर्षांच्या मुलामुलींशी आई-वडिलांसमोर बोला, कारण पुढे फोन आला की घरात तेच अडवतात. ३०० अर्धवट होकारांपेक्षा मला ४० पक्के चालतील.
– नोंदणी स्वयंसेवक

मंडळी,
३०० चा आकडा काढला, फलकाचा मजकूर बदलला. टेबल दारापाशी ११ ला सुरू, महाप्रसाद १ वाजता. मराठीत नीट समजावू शकतील असे चौघे हवेत. शुक्रवारपर्यंत नावं कळवा.
– सचिव