कॅलिको घोस्ट टाउनला मुक्काम करावा की दुपारीच परत फिरावं?

विजापूर रोडची आजी

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरात लेकीकडे अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनला जातोय. जावईबापूंनी मोहावी वाळवंटातलं कॅलिको नावाचं गाव हेरून ठेवलंय. चांदीच्या खाणींवर वसलं, खाणी बसल्या तसं ओस पडलं आणि पुढे कुणीतरी ते पुन्हा उभं केलं म्हणे. बेत असा, की दिवसभर गाव बघायचं आणि रात्री खालच्या कॅम्पिंगच्या जागेत तंबू ठोकायचा. नातू आठ वर्षांचा, तो आतापासूनच बॅटरी घेऊन घरभर फिरतोय.

आमच्या ह्यांचं म्हणणं वेगळंच. "ओसाड पडलेलं बघायला एवढं विमानाचं भाडं? रिक्षात बस, जुनी मिल दाखवतो, चाळीस रुपयांत काम." वर त्यांचे गुडघे. जमिनीवर बसले की उठवायला दोघं लागतात, तंबूत कसं व्हायचं?

तर विचारायचं असं, की ते गाव खरंच बघण्यासारखं आहे का नुसती दुकानं? रात्र काढण्यात अर्थ आहे का? थंडी किती? आणि आम्ही दोघंही शाकाहारी. कुणी सोलापूरकर जाऊन आलं असेल तर नीट सांगा. बाकी सगळीकडे लोक "अप्रतिम" एवढंच लिहून मोकळे होतात.

का_बे_सोलापूर

काकू, स्पष्ट सांगतो, राग मानू नका. कॅलिको म्हणजे गड्ड्याची जत्रा, फक्त काउबॉयच्या टोप्या घातलेली. टोप्या, मग, आइस्क्रीम, खेळण्यातली बंदूक. खरं ओसाड गाव बघायचं तर बॉडी बघा. सोन्याच्या खाणीचं गाव, १९६२ पासून स्टेट पार्क. तिथं पडकं ते पडकंच ठेवलंय. कोसळू देत नाहीत, पण रंगरंगोटीही करत नाहीत. काचेतून आत डोकावलं की सामान तसंच, धूळ तशीच. कॅलिकोवर पैसे घालवू नका.

वर्कशॉपवाला (निवृत्त)

बॉडी चांगलं आहे, वाद नाही. पण नोव्हेंबरात ताईंना कुठं पाठवतोस बे? आठ हजार फुटांच्या वर आहे ते. शेवटचे तीन मैल कच्चा रस्ता, बर्फ पडला की साधी गाडी जात नाही, आणि मुक्कामाची परवानगीच नाही. अर्व्हाइनहून एका बाजूला सहा-सात तास. त्यात साहेबांचे गुडघे.

ताई, मी धाकट्याकडे गेलो होतो तेव्हा कॅलिकोला राहून आलोय. माझा जन्म एसटीच्या वर्कशॉपात गेला, त्यामुळे माझी नजर दुकानांपेक्षा लोखंडाकडं जास्त जाते, हे धरून वाचा.

आधी खऱ्या-खोट्याचं बघू. १८८१ ला तिथं गाव वसलं. आजूबाजूच्या डोंगरात पाचशेच्या वर खाणी होत्या आणि बारा वर्षांत दोन कोटी डॉलरच्या आसपास चांदी निघाली. मग १८९३ ला अमेरिकन सरकारनं चांदीची ठरलेली खरेदी थांबवली. पूर्वी औंसाला एक डॉलरच्या वर असलेला भाव त्या दशकाच्या मध्याला ६३ सेंटवर आला. डोंगरातली चांदी संपली नव्हती, पण ती वर काढायचा खर्च विकून येणाऱ्या पैशापेक्षा जास्त व्हायला लागला. माणसं निघाली. बऱ्याच इमारतीसुद्धा उचलून जवळच्या बारस्टो, डॅगेट या गावांकडं नेल्या. तेव्हा बॉडीसारखं जसंच्या तसं ठेवायला मागं फार काही उरलंच नव्हतं, हे "नकली, नकली" म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

१९५१ ला वॉल्टर नॉटनं ते गाव विकत घेतलं. अर्व्हाइनपासून जवळच बुएना पार्कला नॉट्स बेरी फार्म नावाचं पाळण्या-खेळांचं मोठं पार्क आहे ना, त्याचाच हा मालक. तरुणपणी कॅलिकोतच कामाला होता. त्यानं जुने फोटो पुढं ठेवून गाव परत बांधलं आणि १९६६ ला सॅन बर्नार्डिनो काउंटीला, म्हणजे तिथल्या जिल्ह्याला, देऊन टाकलं. मूळच्या इमारती पाचच. त्यातलं लेनबाईंचं मातीच्या विटांचं घर आधी बघा. ही बाई लहानपणी कॅलिकोत आली, तिथल्याच दुकानदाराशी लग्न केलं, आणि सगळे गेल्यावर नवरा-बायको पुन्हा येऊन तिथंच राहिले. म्हातारी १९६० च्या दशकापर्यंत होती. नॉटची माणसं गाव बांधत होती तेव्हा हे गाव चालतं असताना पाहिलेली बाई तिथंच राहत होती. मला हे सगळ्या दुकानांपेक्षा भारी वाटलं.

मॅगी माइन नावाची खाण आतून दाखवतात. बोगदा सपाट आहे, साहेबांना जमेल, फक्त उंच माणसानं डोकं जपावं. आत पुतळेबितळे उभे केलेत, त्यांच्याकडं बघू नका, भिंतीकडं बघा. सुरुंगाची दारू ठासायला घणानं पाडलेली भोकं असतात, त्यातली काही स्फोटानंतर उभी अर्धी उरतात. त्यात बोट घातलं की पहारेच्या टोकाचे चरे लागतात. एका भोकाला किती घाव बसले असतील ते नातवाला मोजायला सांगा, पुढचा अर्धा तास तो शांत.

त्याला डोर्सी कुत्र्याची गोष्टही सांगा. १८८० च्या दशकात हा कुत्रा पाठीवर टपालाच्या पिशव्या बांधून कॅलिकोहून जवळच्या बिस्मार्कच्या खाणीवर टपाल न्यायचा. ही थाप नाही, खरं आहे.

आता माझी आवडती गोष्ट. चांदी बसल्यावर गावाला टाकणखारानं तारलं, १९०७ पर्यंत. खाण जवळच बोरेटला. तिथून माल डॅगेटच्या स्टेशनला न्यायला वीस-वीस खेचरांच्या गाड्या. १८९४ ला मालकांना वाटलं, खेचरांचा दाणापाणी वाचवू, आणि त्यांनी वाफेचं ट्रॅक्शन इंजिन आणलं. नाव ओल्ड डायना. ते चढाला आणि वाळूत रुसायचं, आणि बंद पडलं की ओढून आणायला खेचरंच. शेवटी मुकाट्यानं खेचरं परत जुंपली, आणि १८९८ ला अरुंद रुळांची रेल्वे आल्यावरच ती सुटली. वरून नवीन मॉडेलची गाडी आली की आमच्या पिटात जे बोलणं चालायचं, तेच तिथल्या खेचरवाल्यांत चाललं असणार. ते इंजिन आता डेथ व्हॅलीत फर्नेस क्रीकला ठेवलंय. कॅलिकोत पर्यटकांची छोटी आगगाडी आहे ती वेगळी. नातवाला बसवा, तुम्ही नाही बसलात तरी काही बिघडत नाही.

राहण्यात अर्थ आहे का? मी तर म्हणतो राहायचं नसेल तर जाऊच नका. संध्याकाळी पाचच्या सुमाराला गाव बंद होतं (निघायच्या आधी वेळ बघून घ्या) आणि दिवसभराची गर्दी गाड्या काढून निघून जाते. नोव्हेंबरात सूर्य पाचच्या आधीच बुडतो. जाताजाता तिरपं ऊन डोंगरावर पडतं तेव्हा दुपारी नुसता तपकिरी दिसणारा दगड थरांथरांनी गुलाबी, हिरवट, पिवळा होतो. कॅम्पची जागा गावाच्या पायथ्याशी घळीत आहे, तिथून हे खुर्चीत बसून दिसतं. पलीकडच्या उतारावर दगडमातीच्या भिंतींचे अवशेष आहेत, खाणकामगारांच्या बिऱ्हाडांचे. त्यांना कुणी रंग लावलेला नाही.

अगदी निःशब्द जागा आहे असं मात्र समजू नका. खाली पंधरा नंबरचा हायवे वाहतो. येर्मोला युनियन पॅसिफिक रेल्वे कंपनीचं यार्ड, बारस्टोला बीएनएसएफ या दुसऱ्या रेल्वे कंपनीचं. रात्रभर मालगाड्या चालू. मला त्यानं छान झोप लागली. रेल्वे लाइनच्या सोलापूरकराला आणखी काय पाहिजे?

थंडी रात्री पाच अंशांच्या आसपास जाते, पण जास्त त्रास वाऱ्याचा. जमीन मुरमाड आणि कडक. तंबूबरोबर येतात त्या तारेसारख्या खुंट्या वाकतात. जाड लोखंडी खुंट्या आणि एक चांगला हातोडा न्या, सगळे ताण बांधा, आणि फिरायला जाताना तंबूच्या चारी कोपऱ्यांत वजन ठेवा. शेजारच्याचा रिकामा तंबू घळीतून गडगडत गेलेला मी बघितलाय, मागं तो पायजम्यावर धावतोय.

आणि नातवाला दम देऊन ठेवा. डोंगरात जुन्या खाणींची तोंडं आहेत. कुंपण असो-नसो, जवळ जायचं नाही. आत आडवा बोगदा दिसतो आणि दहा पावलांवर सरळ खोल विहीर असते. शिड्या कुजलेल्या, कुठं हवेत प्राणवायूच नाही.

शुक्रवारी संध्याकाळी लॉस एंजेलिसकडून निघू नका, अख्खं शहर लास वेगासला चाललेलं असतं. रविवारी तेच सगळे परत येतात. जमलं तर मंगळवार-बुधवार धरा. थँक्सगिव्हिंगचा, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या त्यांच्या मोठ्या सणाचा आठवडा तर टाळाच.

विजापूर रोडची आजी

काका, काय सविस्तर लिहिलंत हो! ह्यांना वाचून दाखवलं. ओल्ड डायनावर जोरात हसले (ते पण गिरणीत जॉबर होते, नव्या यंत्रमागांबद्दल त्यांचं मत विचारूच नका). म्हणजे अर्धी लढाई जिंकले. पण तंबूत झोपणार नाही म्हणतात ते म्हणतातच. काय करू?

बाळीवेस ते बेकर्सफील्ड

काकू, तंबूचा हट्ट सोडा. तिथं केबिन मिळतात, आत खाट असते, काकांना खाली बसावं लागणार नाही. अंथरूण-पांघरूण मात्र आपलं न्या. नातू आणि जावईबापू बाहेर तंबूत झोपू देत, तुम्ही आत. सुट्टीच्या दिवसांत केबिन आधीच संपतात, म्हणून आत्ताच बुक करा. आणि जावयांकडं नॅशनल पार्कचा वार्षिक पास असेल तर त्याच्या भरवशावर जाऊ नका. हे काउंटीचं पार्क आहे, तो पास इथं चालत नाही.

खाण्याचं म्हणाल तर गावातल्या हॉटेलांच्या नादी लागू नका, आपल्यासाठी फ्राइजच्या पुढं फारसं काही हाती लागत नाही. आम्ही नेतो ते सांगते: कडक भाकरी, शेंगाचटणी, घट्ट दही, आणि कुकरमध्ये मसालेभात. शेकोटीसाठी लाकूड दुकानातून विकत घ्यायचं, तिथल्या झाडाझुडपांना हात लावायचा नाही. जेवण झालं की सगळं गाडीत. कोल्ह्यांच्या जातीचे कोयोटी रात्री फिरतात, चटणीचा डबासुद्धा बाहेर ठेवू नका.

का_बे_सोलापूर

वर्कशॉपकाका, मानलं. लेनबाईंचं मला माहीत नव्हतं. पण काकूंच्या साहेबांचा मुद्दा राहिलाच की. आपली जुनी मिल १८७७ ची, म्हणजे कॅलिकोपेक्षा चार वर्षं जुनी. पिढ्यान्‌पिढ्या पोट भरलं तिनं. तिला का नाही कुणी नॉट भेटला?

वर्कशॉपवाला (निवृत्त)

भेटला असता तर त्यानं तिथं चादरीची दुकानं आणि भोंग्याचा खेळ लावला असता, आणि पहिला "नकली आहे बे" म्हणणारा तूच असतास. तरी मी तिकीट काढून गेलो असतो, तेही खरं.

विजापूर रोडची आजी

केबिन बुक झाली, बुधवारची. ह्यांची अट एकच, सकाळचा चहा ते स्वतः शेगडीवर करणार. इथून गॅसची छोटी टाकी बॅगेत नेली तर चालेल का?

बाळीवेस ते बेकर्सफील्ड

अजिबात नको काकू! हातातल्या बॅगेत नाही आणि सामानातही नाही, विमानतळावरच काढून घेतील. शेगडी जावईबापूंकडं असेलच, गॅस वाटेत बारस्टोला घ्या. चहा पावडर तेवढी सोलापूरची आणा, इथली काकांना चालायची नाही.