मदत हवी आहे: फाईलमध्ये दर बदलला तरी प्रोग्राम जुनाच दर धरतो (पायथन, विंडोज)

मंडळी, तीन दिवस झाले, आता हात टेकले.

सोलापुरात पूर्व भागात काकांचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. शिलाईची मजुरी डझनावर, पगार आठवड्याला. हिशेब वहीत चालायचा, म्हणून मी एक प्रोग्राम लिहिला. काळ्या पडद्यावर कमांड द्यायची, पगाराचा तक्ता तयार. दर वगैरे काकांना स्वतः बदलता यावा म्हणून शेजारी एक आयएनआय फाईल (सेटिंगची साधी मजकूर फाईल) ठेवली, तीही मराठीत:

[मजुरी]
डझनाचा दर = ३३
उचल कापणे = नाही

(आकडे उदाहरणाचे. खरे लिहिले तर काका घरात घेणार नाहीत.)

ती वाचायला पायथनचा कॉन्फिगपार्सर. दर मिळालाच नाही तर काम अडू नये म्हणून गेटफ्लोटला (त्यातून आकडा काढणाऱ्या फंक्शनला) फॉलबॅक, म्हणजे ऐनवेळचा पर्यायी आकडा, ३० दिलाय.

फोल्डरमध्ये जाऊन हाताने चालवला की ३३ धरतो. शनिवारी रात्री विंडोजचा टास्क शेड्युलर (ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप सुरू करणारा) चालवतो तेव्हा ३०. एरर नाही, काही नाही. नोंदींची फाईल मात्र दोन्ही वेळा बरोबर वाचतो, तिचा पूर्ण पत्ता मी कमांडमध्येच देतो. दोन आठवडे पगार कमी गेला, आणि चूक पकडली ती शिलाईवाल्या मावशींनी, बोटांवर मोजून. काका म्हणाले, "वहीच बरी होती की रे."

मला संशय देवनागरी अंकांचा. इंग्रजी अंक टाकून पाहिले, फरक शून्य. मोबाईलवरून लिहितोय, कोड असा शब्दांतच सांगतो, सांभाळून घ्या.

प्रतिसाद १

अंकांना उगाच दोष देऊ नका. मजकुराचा आकडा करणारे पायथनचे इंट आणि फ्लोट '३३' सरळ ३३ म्हणूनच वाचतात.

उत्तर तुम्हीच लिहिलंय: नोंदींच्या फाईलचा पत्ता पूर्ण आहे, सेटिंगच्या फाईलचं नुसतं नाव दिलेलं असणार. नुसतं नाव दिलं की पायथन ती फाईल चालू फोल्डरमध्ये शोधतो, प्रोग्राम ठेवलेल्या फोल्डरमध्ये नाही. शेड्युलरमध्ये 'स्टार्ट इन'ची चौकट रिकामी असेल तर चालू फोल्डर असतो विंडोजचा सिस्टिम३२. तिथे कुठली तुमची मजुरी!

प्रतिसाद २

वरचं बरोबर, पण खरा घोळ गप्प बसण्याचा आहे. कॉन्फिगपार्सरच्या रीडला फाईल सापडली नाही तर तो तक्रार करत नाही, जेवढ्या फाईली वाचल्या त्यांची यादी तेवढी परत देतो. तुमची यादी रिकामी आली असणार, आणि ती कोणी पाहिली नाही. पुढे [मजुरी] हा विभागच नाही, तरी फॉलबॅक आहे म्हणून गेटफ्लोटही गप्प. दोघांनी मिळून चूक झाकली.

पत्ता डंडर-फाईलवरून (__file__, म्हणजे प्रोग्रामच्या फाईलचा स्वतःचा पत्ता) काढा: पाथलिबचा पाथ, त्याचा रिझॉल्व्ह, त्याचा पेरेंट, पुढे फाईलचं नाव. मग रीडऐवजी ओपनने उघडून रीड_फाईल वापरा. फाईल नसेल तर तिथेच आपटेल. एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग द्या, म्हणजे नोटपॅडने सुरुवातीला अदृश्य खूण टाकली तरी पहिल्या ओळीवर अडणार नाही.

आणि दराचा फॉलबॅक काढून टाका. रंगाला, पानाच्या रुंदीला फॉलबॅक ठीक. मजुरीला कसला फॉलबॅक? दर मिळाला नाही तर प्रोग्राम अडलाच पाहिजे.

प्रतिसाद ३

दर कधी कमांडवरून द्यायचा झाला तर क्रम असा ठेवा: कमांडवर दिलेला आधी, नाहीतर फाईलमधला. आर्गपार्समध्ये (कमांडवरचे पर्याय वाचणारं पायथनचं मॉड्यूल) डिफॉल्ट नन, म्हणजे 'काहीच नाही', ठेवा. तिथेच आकडा ठेवलात तर तो माणसाने दिला की प्रोग्रामने, हे कळायला मार्ग नाही.

'उचल कापणे' कसं वाचता? साधं गेट लावून पुढे इफ लिहिलं असेल तर 'नाही' हीसुद्धा भरलेली स्ट्रिंग (मजकूर) आहे, म्हणजे इफच्या लेखी ट्रू, 'हो'. सगळ्यांची उचल कापली जाईल.

धागाकर्ता

अगदी तसंच लिहिलं होतं! शेड्युलरला फाईल सापडत नव्हती तोवर इथल्याही फॉलबॅकने हे झाकलेलं होतं, आणि हाताने चालवताना मी फक्त दर बघत होतो. आज पत्ता दुरुस्त केला, शेड्युलरनेही ३३ धरला, आणि लगेच सगळ्यांची उचल कापलेला तक्ता हातात. नशीब, पैसे वाटले नव्हते.

गेटबूलियन (हो-नाही वाचणारं फंक्शन) लावलं तर 'नाही'वर व्हॅल्यूएरर. त्याला येस-नो, ऑन-ऑफ, ट्रू-फॉल्स, १-० एवढंच कळतं म्हणे.

प्रतिसाद ३

पार्सरची बूलियन_स्टेट्स नावाची डिक्शनरी बदला. 'हो' म्हणजे ट्रू, 'नाही' म्हणजे फॉल्स. 'होय' पण टाका, काका काय लिहितील सांगता येत नाही.

धागाकर्ता

चाललं! खूप आभार. तक्त्याच्या वर आता 'दर ३३, अमुक फाईलमधून' अशी ओळही छापतो, मावशींना वाचायला.

नवीन एरर मात्र आत्ताच आला. फाईल उघडून बघतो तर काकांनी लिहिलंय: उचल कापणे = गड्डा झाल्यावर. (गड्डा म्हणजे आमच्या सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा.)